तिरुप्पनंदाळच्या रस्त्यावरचं तीर्थ

आमच्या घरात ट्रायथलॉन हा शब्द कुणाला धड म्हणता आला नाही. आई त्याला ‘पोहायचं-पळायचं खूळ’ म्हणायची. अप्पा ‘त्रिविध’ म्हणायचे, जणू ते एखादं व्रतच. मला दोन्ही नावं मान्य होती. मी आडुतुरैला भाताच्या संशोधन केंद्रात नोकरीला होतो आणि कुंभकोणमहून रोज सायकलनं जात-येत होतो. पोहणं लहानपणी कावेरीत आपोआपच झालं होतं. धावायला तेवढं शिकावं लागलं, आणि ते मला शेवटपर्यंत आवडलं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. हिवाळ्यात मद्रासला समुद्रकाठी पूर्ण पल्ल्याची, सबंध दिवस चालणारी शर्यत होणार होती आणि माझा जीव तिच्यात अडकला होता. तिच्या सरावासाठी मद्रासहून आलेल्या एका प्रशिक्षकांनी आमच्या गावात, पुरट्टासी महिन्यात, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनात, अर्ध्या पल्ल्याची शर्यत ठेवली. जवळजवळ दोन किलोमीटर पोहणं, नव्वद सायकल, एकवीस धावणं. इथे नंबर बघू नका, असं ते म्हणाले. लांबच्या शर्यतीत शरीर कुठे दगा देतं ते इथेच कळू द्या. ते कळलं. ते शरीर कुणाचं असेल, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

शर्यत रविवारी होती, आणि तो रविवार द्वादशीचा निघाला. आम्ही मराठे राजांच्या काळात तंजावरच्या मुलखात उतरलेली वैष्णव माणसं. भाषा अर्धी तमिळ झाली, जेवण पुरतं तमिळ झालं, पण एकादशी सुटली नाही. त्या दिवशी घरात कुणी पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घालत नाही. दुसऱ्या दिवशी पंचांगातली वेळ उलटली की पूजा होते, घरातला वडील माणूस पळीनं एकेकाच्या हातावर तीर्थ घालतो, आणि मग अगत्तीच्या, म्हणजे हादग्याच्या, पाल्याची भाजी नि आवळा घालून पारणं. वडील माणूस स्वतः सगळ्यांत शेवटी घेतो. घरातला एक जरी उपाशी असला तरी त्याचा हात तोंडाकडे जात नाही.

शनिवारी सरळ पाणी पिऊन टाकावं, हे आज कुणालाही सुचेल. आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. आमच्यापुढे प्रश्न एकच होता. शर्यत उजाडता उजाडता सुरू होणार आणि तीर्थाची वेळ आठच्या सुमारास लागणार, तर ते घ्यायचं कुठे? अप्पांनी पंचांग आणि शर्यतीचा मार्ग शेजारी शेजारी मांडले. लग्नाचा मुहूर्त काढावा तशा गंभीरपणे ते तास-दीड तास बसले होते. सायकलचा मार्ग कुंभकोणम, आडुतुरै, तिरुप्पनंदाळ आणि परत कुंभकोणम असा होता, आणि त्याचे दोन फेरे होते. आठच्या पुढेमागे मी तिरुप्पनंदाळला पोचणार होतो. तिथे अप्पांच्या शाळेतल्या एका मित्राचं घर होतं, आडाचं पाणी होतं, सोवळ्यात पूजा करता येणार होती. अप्पांचा चेहरा खुलला.

“मी रस्त्याकडेच उभा राहतों,” ते म्हणाले. “तू हात तेवढा पुढं कर. सायकल थांबवूं नको.”

तीर्थ सांडून रस्ताच पावन होईल, अशी आईनं त्यांची चेष्टा केली. पण मनातून ती घाबरली होती, कारण अप्पांना साखरेचा विकार होता. डॉक्टरांनी त्यांना उपास बंद करायला बजावलं होतं. अप्पांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, गोळ्या आणल्या, आणि उपास चालू ठेवला. मित्राच्या घरी पूजा झाली की लगेच काही तोंडात घाला, असं आईनं त्यांना निघताना विनवलं. मुलाचं झालं की लगेच, असं ते म्हणाले आणि देवाची लहान संपुष्टी, पंचपात्र नि पळी पिशवीत घालून अंधारातच तिरुप्पनंदाळला थेट जाणाऱ्या पहिल्या बसनं गेले.

आम्ही पोहायला घाटाच्या पायऱ्यांवर उभे होतो तेव्हा प्रशिक्षकांनी कर्णा हातात घेतला. आडुतुरै आणि तिरुप्पनंदाळच्या मधला कालव्यावरचा पूल रात्रीतून खचला होता. सायकल आता आडुतुरैपर्यंत जाऊन परतच यायची, फेरे वाढवायचे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी त्यांच्याकडे गेलो आणि माझे वडील तिरुप्पनंदाळला उपाशी उभे राहणार आहेत, हे सांगितलं. ते भले गृहस्थ होते. माणूस पाठवतो, म्हणाले, आणि एकाला हाक मारून तसं सांगितलंही. त्या माणसाला त्या सकाळी आणखी दहा कामं होती, हे मला मागाहून कळलं.

पोहून बाहेर आलो तेव्हा तोंडात कावेरीचं पाणी जाऊन आलं होतं, पण ते मी निष्ठेनं थुंकून टाकलं होतं. याचं आज मला हसू येत नाही. सायकलवर पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्यात जीभ टाळ्याला चिकटली. स्वयंसेवक लिंबूपाणी पुढे करत होते आणि मी मान हलवून पुढे जात होतो, कारण निरोप मिळाला असेल, अप्पा बसनं आडुतुरैच्या रस्त्याला आले असतील, पुढच्या वळणावर पंचपात्र घेऊन उभे असतील, असं मला प्रत्येक वळणावर वाटत होतं. समोरून येणाऱ्या प्रत्येक बसच्या खिडक्या मी बघत होतो. ऊन चढत गेलं. पुरट्टासीचं ऊन वैशाखाला लाजवणारं असतं, आणि त्या दिवशी ढगाचं नाव नव्हतं.

अप्पा मात्र तिरुप्पनंदाळच्या रस्त्यावरच उभे होते. हे सगळं मला त्यांच्या मित्रानं पुढे सांगितलं. पूजा वेळेवर झाली. मग ते तीर्थ घेऊन रस्त्यावर आले ते आत जायलाच तयार होईनात. मित्रानं छत्री आणून धरली. निदान साखर तरी तोंडात टाका, म्हणून हात जोडले. अप्पा म्हणाले, मुलाला येतो म्हणून सांगितलंय, त्याच्या हातावर घालतो नि मग घेतो. सायकलवरून कुणीही आलं की ते पळी भरून पुढे सरसावत. दूधवाले, शाळामास्तर, केळीचे घड नेणारे, सगळे त्यांच्याकडे बघून पुढे जात होते.

मी धावायला लागलो तेव्हा अंगात घामही उरला नव्हता. इन्नंबूरजवळ भाताच्या बांधावर माझे पायच चालेनात आणि मी आडवा झालो. लावणी करणारी एक बाई वर आली, तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या कळशीतलं पाणी माझ्या तोंडात ओतलं. मी प्यालो. गटागटा प्यालो, थांबलोच नाही. पारणं, सोवळं, अप्पा, काही मनात आलं नाही. पाणी किती चांगलं असतं एवढंच कळत होतं. मग उठलो आणि उरलेलं अंतर चालत, लंगडत संपवलं. शेवटच्या रेषेवर हाराऐवजी आमचे शेजारी उभे होते. अप्पांना मोटारीत घालून इस्पितळात आणलंय, असं ते म्हणाले.

अप्पा रस्त्यावरच कोसळले होते. मी तशाच चिखलानं माखलेल्या चड्डी-बनियनवर त्यांच्या खाटेशी गेलो. डाव्या हाताला सलाइन होतं. शुद्ध येत-जात होती, म्हणून तोंडावाटे काही द्यायचं नाही, घास-पाणी छातीत उतरेल, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. उशाशी त्यांची पिशवी होती. त्यांच्या मित्रानं पंचपात्रावर झाकण घालून, सांडू न देता, तीर्थ इथवर आणलं होतं.

त्यांनी डोळे उघडले. “तीर्थ झालं की रे तुज?”

“झालं, अप्पा.”

“मग मज दे आतां.”

मी त्यांच्याशी खोटं बोललो त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. पण ते ऐकून त्यांनी उजवा तळहात ओंजळीसारखा पुढे केला, आणि त्या ओंजळीत मला काही घालता येईना. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. सलाइनकडे बोट करून मी अप्पांना म्हणालो, हे पाणीच आहे, आत चाललंय. त्यांनी त्या बाटलीकडे जरा वेळ पाहिलं आणि ओंजळ तशीच धरून ठेवली. ती सैल पडली तेव्हा त्यांची शुद्ध गेली होती. दोन दिवसांनी ते गेले.

मी बरेच दिवस कुणावर तरी चिडायला जागा शोधत होतो. पुलावर चिडलो, पंचांगावर चिडलो, निरोप विसरलेल्या माणसाला गाठून त्याची कॉलरही धरली. तो रडायला लागला, तेव्हा सोडली. सगळ्यांत जास्त चिडलो अप्पांवर. साखरेचा एक खडा तोंडात टाकला असता तर काय बिघडणार होतं? देव काही तिरुप्पनंदाळच्या बसथांब्यावर पाहत उभा नव्हता. मग आठवायचं की लिंबूपाण्याचा पेला मीही परतवत होतो, आणि आम्हा दोघांपैकी कुणाला वेड्यात काढावं ते कळेनासं व्हायचं.

मद्रासची शर्यत ठरल्या दिवशी झाली. जा, असं आईच म्हणाली. एवढं केलंस ते फुकट नको. मी सायकल पुसून, हवा भरून तयार ठेवली होती. पण सरावाला निघालो आणि तहान लागली की मला ती ओंजळ दिसायची, आणि पाण्याची बाटली तोंडाला लावताच यायची नाही. पाण्याशिवाय तो पल्ला कुणाला झेपत नाही. मी नाव काढून घेतलं. सायकल पुढे फक्त नोकरीवर जायला उरली.

अमावास्येला मी कावेरीवर तर्पणाला जातो. शर्यतीला उतरलो होतो त्याच पायऱ्या. तीळ घालून, अप्पांचं नाव घेऊन अंगठ्याकडून पाणी सोडायचं, तीन वेळा. मी पुन्हा ओंजळ भरतो. तीन झाल्या, पुरे, असं आमचे उपाध्याय दर खेपेला सांगतात. हो म्हणतो, आणि भरलेली ओंजळ सोडतो.