पालूबाई चुकचुकली तेव्हा

रविवारची दुपार. पोटात चिंचगुळाची आमटी आणि नको इतका भात गेलाय. पंखा कुरकुरतोय, शेजारच्यांचा टीव्ही आधी भिंतीपलीकडे आहे, मग माझ्या उशीत. 'पाच मिनिटं फक्त,' असं मी स्वतःशी पुटपुटते, आणि पलंगाखाली गवत दिसायला लागतं.

म्हणजे मी गोठ्यात आहे. 'गोठ्यातल्या गप्पा'. पोरांचा कार्यक्रम हो, तुमच्या घरी लागत असेल. कार्टूनमधला रेडोबा खऱ्याखुऱ्या नामवंतांना बावळट प्रश्न विचारतो, आणि पाहुण्याने थाप मारली की भिंतीवरची पालूबाई 'चुक् चुक्' करते. शंकेची पाल! मग सगळी पोरं ओरडतात, 'खोटं! खोटं!' भल्याभल्या पैलवानांना घाम फुटलाय तिथे. पालूबाईचा आवाज माझा. रेडोबाचा आवाज विश्रामदादा तोडणकरांचा. श्रावणात गेले ते.

आता उद्या मला हो की नाही सांगायचंय. रेडोबाच्या आवाजासाठी चिपळूणहून एक नवा माणूस आलाय. त्याला घ्यायचं, नाहीतर कार्यक्रम बंद. त्याने विश्रामदादांचा आवाज असा हुबेहूब काढला, की मी स्टुडिओबाहेर जाऊन रडले आणि आत येऊन म्हटलं, "मेल्या, लाज नाही वाटत?" बिचारा!

गोठ्याला आमच्या सोसायटीचा जिना आहे. रेडोबा पायरीवर उभा आहे, खराखुरा, म्हशीएवढा. तोंड उघडतो, मिटतो. आवाजच नाही. समोर पोरं मांडी घालून गप्प बसलीत.

आणि पाहुण्यांच्या गवताच्या भाऱ्यावर विश्रामदादा! तोच चौकड्यांचा शर्ट, पायात चपला नाहीत.

"तुम्ही आज पाहुणे कसे?"

"वारलो ना. पेपरात फोटो आला. आता मी नामवंत," ते म्हणतात. "विचार काय ते. पोरं ताटकळलीत."

मला हसू येतं आणि रडूही येतं. गवत जाऊन बँकेतली बाकं आलीत, पोरं टोकन घेऊन बसलीत, त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

"दादा, तुमच्याशिवाय मला नाही जमणार," मी म्हणते. "मला तो दुसरा नकोय. तुम्हीच हवे आहात."

"अगं उजू, मेलो तो मी. रेड्याने काय पाप केलंय? बघ त्याच्याकडे. किती दिवस मुका ठेवणार त्याला?"

रेडोबा तोंड उघडतो, मिटतो. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी त्याच्या नाकावरून हात फिरवतेय.

"दुसऱ्याने त्याचा आवाज काढला तर तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"छे! मुळीच नाही."

चुक् चुक्.

माझ्याच घशातून! मी तोंडावर हात दाबते, पण पोरांनी ऐकलंय. "खोटं! खोटं!"

विश्रामदादा खो खो हसतात आणि बाकावर तीनदा बोट वाजवतात. "आमच्या घरी पाल चुकचुकली की आई असं करायची. म्हणायची, सत्य गो, सत्य! पाल बोलली म्हणजे खरंच."

"अगंबाई! म्हणजे इतकी वर्षं मी उलटंच करत होते?"

"शंकेची पाल पुस्तकातली. ही घरातली."

"मग आता कुठली धरू? खरं सांगा."

ते हसायचे थांबतात. बँक पार रिकामी झालीय. रेडोबाच्या पाठीवर ऊन पडलंय.

"वाटेल थोडं वाईट," ते हळूच म्हणतात. "का नाही वाटणार? माझा होता तो. पण तरी दे."

मी वाट बघते. घसा गप्प आहे. मग आपोआपच माझं बोट बाकावर वाजतं.

"येऊ मी?" ते विचारतात. 'जाऊ' नाही म्हणत. आपल्यात म्हणत नाहीत ना.

"या," मी म्हणते.

तळहातावर काहीतरी वळवळतं आणि मी किंचाळत उठते. माझी लेक वनिता धावत येते. माझ्या हातात पालीची शेपटी! नुसती शेपटी, टोक अजून उडतंय. आयुष्यभर पालीचं खाल्लं, पण पालीला मी जाम घाबरते.

"पंख्याला लागली वाटतं," वनिता म्हणते आणि वर बघते. छतावरून एक बांडी पाल सावकाश ट्यूबलाइटमागे चाललीय. "घाबरू नकोस गं. येते शेपटी परत."

"तशीच?"

"तशीच नाही येत. आखूड येते, रंगही वेगळा असतो. पण त्यांचं चालतं त्यावर."

शेपटी शांत होईपर्यंत मी हात हलवत नाही. मग दुसऱ्या हाताने फोन घेते आणि चिपळूणच्या त्या माणसालाच लावते.

"उद्या या," मी म्हणते. "पण विश्रामदादांचा आवाज घरी ठेवून या. तुमचा आणा."