कै. आजोबा

माझ्या नातीला घरात सगळे खुसपट म्हणतात. लहानपणी तिला गोष्ट सांगायची चोरी. "आजोबा, काल वाघ नदीच्या अलीकडे होता, आज पलीकडे कसा?" मी म्हणायचो, पोहून गेला. "मग अंग कोरडं कसं?"

अशा पोरीला प्रोग्रॅम तपासायची नोकरी लागली. जी खोड होती, तिचाच पगार झाला. तिची कंपनी दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते. तिथे साहेबांनी एक यंत्र आणलं. प्रोग्रॅम आज जसा चालतो तसा ते टिपून घेतं आणि त्यावरून चाचण्या आपोआप लिहितं. उद्या तेच उत्तर आलं तर हिरवा दिवा, वेगळं आलं तर लाल.

"बरोबर काय ते त्याला कळत नाही हो आजोबा. काल काय होतं, एवढंच कळतं."

"म्हणजे आमचे थोरले काकाच की गं."

त्यातच माझा मोतीबिंदू पिकला आणि दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळेना. तिथला प्रोग्रॅम तिच्याच कंपनीचा. खुसपटने शोधलं, तर माझ्या नावाआधी 'कै.'! ऐंशी ओलांडलेल्यांना 'मा.' लावायचं ठरलं होतं. लिहिणाऱ्याने आदराच्या भरात आम्हाला थेट वर पोचवलं. कैलासवाशाला तारीख कोण देणार?

तिने ते दुरुस्त केलं. लगेच दिवे लाल.

"बदल मागे घे," साहेब म्हणाले. "सगळं हिरवं झाल्याशिवाय प्रोग्रॅम दवाखान्यात जाणार नाही."

"सर, माणूस जिवंत आहे."

"चाचणी तसं म्हणत नाही."

शेवटी तिने मलाच ऑफिसात नेऊन त्यांच्यापुढे बसवलं. मी चहा प्यालो, दोन गोष्टी सांगितल्या, तिसरी काढली. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "पटलं. कैलासवासी इतकं बोलत नाहीत."

त्यांनी बटण दाबलं. यंत्राने नवा प्रोग्रॅम टिपला, जुन्या चाचण्या पुसून नव्या लिहिल्या. जिकडेतिकडे हिरवं. साहेब खूश, खुसपट मात्र नव्या चाचण्या एकेक वाचत बसली.

"आता काय गं?"

"आता ते आजचं सगळं खरं धरणार. चुकलेलंसुद्धा."

मला तारीख मिळाली. दवाखान्यात बाकावर बसलो, तर माझ्या आधी पुकारा झाला माझ्या मेहुण्यांचा, तोही 'मा.' लावून. ते गेल्या वर्षी वारले. प्रोग्रॅमने आधीच 'कै.' केलेलं, म्हणून दवाखान्याला कळवायची तसदी कुणी घेतली नव्हती. माझ्यासारखा त्यांचाही अडकलेला नंबर सुटला होता.

खुसपट तावातावाने खिडकीकडे निघाली. मी तिचा हात धरला.

"बस. हयातीतही ते असेच माझ्यापुढे घुसायचे. तुझ्या यंत्राला विचार, हिरवाच दिवा देईल."