तात्या सगळ्यांना पर्सनली ओळखतात

आमच्या कंपनीत किस्से कुणी मुद्दाम करत नाही. तात्या काहीतरी मनापासून करायला जातात, आणि किस्सा होतो! मी इंजिनिअरिंग मधेच सोडून त्यांची गाडी चालवतो, म्हणून सगळं पहिल्या रांगेतून बघतो. घरचे अजून म्हणतात, "डिग्री केली असतीस तर..." केली असती तर हे कुठं बघायला मिळालं असतं?

तात्या म्हणजे मालक. धंदा शेतात सोलर पंप बसवायचा. सुरुवातीला औशात दोघंच होते. तात्या विहिरीत उतरायचे, वर दोर धरायला रशीदभाई. आता लातूरला ऑफिस, नांदेडला ब्रँच, आणि माणसं इतकी की तात्या लिफ्टमध्ये स्वतःच्याच अकाउंटंटला विचारतात, "कुठल्या मजल्यावर जायचंय, पाहुणे?"

उन्हाळ्यात रशीदभाई म्हणाले, "तात्या, मी चाललो. तुमच्याशी दोन शब्द बोलायला आता कुलकर्ण्यांना विचारावं लागून राहिलंय." कुलकर्णी म्हणजे मॅनेजर. तात्यांचं तोंड विहिरीत दोर सुटल्यासारखं झालं. कसंबसं जूनअखेरपर्यंत थांबायचं रशीदभाईंनी कबूल केलं. आणि तात्यांनी लगेच घोषणा केली, "आजपासून प्रत्येकाशी पर्सनल!"

मोठी माणसं अशीच. एक माणूस रुसला की त्याच्याशी बोलायचं सोडून योजना काढतात.

*

पहिली योजना : 'माझं दार सगळ्यांसाठी उघडं.' म्हणजे खरंच! सुतार बोलावून केबिनचं दारच काढलं.

एसीची सगळी हवा बाहेर. कुलकर्ण्यांनी पडदा लावला. मग प्रश्न आला, पडद्यावर टकटक कशी करायची? त्यासाठी बाहेर शिपाई बसवला. कुणी आलं की तो तोंडानं म्हणायचा, "टक टक."

आतून तात्या, "कोण आहे?"

शिपाई, "मी न्हाई."

*

मग निलंग्याची साइट. गाडीतून उतरताच तात्यांनी समोरच्या पोराच्या खांद्यावर हात टाकला.

"आई कशी हाय रे?"

"बरी हाय."

"गुडघे?"

"दुखतेत."

"बघ, माझ्या लक्षात हाय!" म्हणत तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच म्हणालो होतो त्यांना काही आठवत नाही. (म्हणालो होतो.) पोराला स्वतःच्या हातानं कंपनीचा टी-शर्ट घातला आणि जागेवर टीम लीडर केलं.

ते पोरगं शेतकऱ्याचा मेहुणा होतं. बहिणीकडं पाहुणा आलेलं!

दुसऱ्या दिवशी टी-शर्ट घालून कामावर हजर. अजून आहे. बाकीच्यांपेक्षा बरं काम करतं.

*

त्यानंतर वाढदिवस. "प्रत्येकाला मी स्वतः केक भरवणार!"

मी म्हणालो, "तात्या, आपली निम्मी माणसं एक जूनची आहेत." शाळेत नाव घालताना मास्तरांनी आपल्या मनानं टाकलेली तारीख. आमच्या भागात त्या दिवशी जेवढी माणसं जन्मली, तेवढी वर्षभरात जन्मत नाहीत. तात्या स्वतः एक जूनचे! पण माझं ऐकतो कोण? मी पडलो अर्धवट शिकलेला.

एक जूनला नांदेड ब्रँचमध्ये रांग लागली. तात्या एक घास भरवायचे, समोरचा प्रेमानं एक परत भरवायचा. तात्यांना शुगर. "न्हाई म्हणलं तर पोरांना काय वाटंल?" म्हणत खात राहिले. दुपारी सलाइन लावलं. नर्सनं जन्मतारीख विचारली, लिहून घेतली आणि म्हणाली, "अय्या, हॅपी बड्डे!"

*

हिमायतनगरच्या टीममधल्या गणेशनं आजोबा वारले म्हणून सुट्टी घेतली. तात्या म्हणाले, "दुखवट्याला मी स्वतः जाणार." लातूरहून गाडी हाणली.

दार आजोबांनीच उघडलं.

तात्यांनी त्यांना कधी बघितलेलं नव्हतं. सरळ मिठी मारली. "लई वाईट झालं हो!" म्हातारं पण रडायला लागलं. त्या वयात कोण ना कोण गेलेलंच असतं. दोघं ओट्यावर बसून पोटभर रडले. तात्यांनी दुखवट्याचा टॉवेल-टोपी त्यांच्याच अंगावर चढवला.

निघताना म्हातारं माझ्या कानाशी आलं, "पोरा, गेलं कोण?"

मी सांगितलं, "तुम्ही."

"हाव का!" म्हणालं, आणि टोपी नीट केली.

*

असं करत जूनचा शेवटचा आठवडा आला. सगळ्या कंपनीशी पर्सनल झालं, रशीदभाई तेवढे राहिले. तात्यांनी फोन केला. पलीकडून रशीदभाई एवढंच म्हणाले, "यायचं तर घरी या. एकटे या."

तात्या मला म्हणाले, "फक्त तू चल. गाडी चालवायला."

कुलकर्णी म्हणाले, "मी मागं बसतो. तोंड उघडणार न्हाई." एचआर मॅडम म्हणाल्या, "पर्सनल भेट आणि फोटो नाही?" त्यांच्यासोबत फोटोवाला. नांदेडचे ब्रँचवाले जीप करून आले, "आम्हाला न सांगता?" औशाच्या नाक्यावर जुने फिटर वाट बघत होते. रशीदभाई जाऊ नयेत असं सगळ्यांनाच वाटत होतं, ते मात्र खरं.

गल्लीत गाड्याच गाड्या. शेजाऱ्यांना वाटलं सोयरीक आली, त्यांनी खुर्च्या बाहेर काढल्या. तात्यांनी रुमालानं तोंड पुसलं, कडी वाजवली.

रशीदभाईंनी दार उघडलं.

"रशीद," तात्या म्हणाले, "एकटाच आलोय रे."

मागं आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

रशीदभाईंनी तात्यांकडं बघितलं. मग आमच्याकडं, गल्लीच्या टोकापर्यंत. आणि आत वळून बायकोला हाक मारली,

"अजी सुनो, तात्या अकेलेच आये! चाय बडे पतीले में चढाव!"