रेडिओवरचं बोलणं कागदावर आलं

साठच्या दशकात नागपूरच्या रेडिओ केंद्रावर संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी पंधरा मिनिटं असायची. त्यात मी आणि जवळच्या खापा गावचे एक शेतकरी गप्पा मारायचो. कागद नाही, पाठांतर नाही. स्टुडिओत प्रसारणाचा लाल दिवा लागला की मी विचारायची, "काहून गा भाऊ, यंदा तूर कशी हाये?" आणि भाऊ सुरू! मी शहरातली, धरमपेठेतली, शेतात कधी पाय न ठेवलेली. त्यामुळे माझे प्रश्न अगदी बावळट असत, आणि भाऊ त्यावरून माझी मनसोक्त खेचत. लोकांना तेच आवडायचं.

मग नवे साहेब आले. सगळं आधी लिहून, मंजूर करून, जसंच्या तसं वाचायचं, कागदाबाहेर एक शब्द नको, असा फतवा निघाला. मला असा संताप आला! भाऊंचा चष्मा मात्र तेव्हापासून रोज घरी राहू लागला. एकदा मी माझा पुढे केला, तर हसून म्हणाले, "बाई, चष्मा कोनाचाही लावा, मले वाचताच येत नाही. सही तेवढी येते. साहेबाले नका सांगू, घरी बसवीन मले."

त्या पंधरा मिनिटांवर भाऊंचा फार जीव होता. खाप्यात लोक त्यांना थांबवून सल्ला विचारत. मग रोज व्हरांड्यात मी त्यांचा भाग तीनदा वाचून दाखवायची आणि त्यांना तो तोंडपाठ व्हायचा. असं वर्षभर निभलं.

एका संध्याकाळी दिवा लागायला दोन मिनिटं असताना साहेब आले, तुरीवरचे कागद काढून घेतले आणि कपाशीवरचे हातात दिले. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांची वाक्यंसुद्धा प्रश्न करून विचारत सुटले. "म्हंजे भाऊ, फवारनी सकाळीच करा म्हनता ना?" "हो." "अन् वारा असला तं नाही करायची?" "बराबर." पंधरा मिनिटं भाऊ नुसते हो ला हो.

बाहेर येताच साहेबांनी मला फैलावर घेतलं. "बाई, त्यांना तोंड उघडू देत नाही तुम्ही! सोमवारपासून येऊ नका." काय सांगणार, कपाळ?

भाऊ पुढे झाले. "साहेब, मले वाचता येत नाही. बाईनं मले वाचवलं. काढाचं तं मले काढा."

साहेबांनी कपाशीचे कागद परत मागून घेतले. मग म्हणाले, "आधी होतं तसंच बोला तुम्ही दोघं. बाई, झाल्यावर लिहून काढा आणि फायलीला लावा." पुढे टेप आली, जाहिराती आल्या, आमचा कार्यक्रम दहा मिनिटांवर आला, तरी बोलणं आधी आणि लिहिणं मागून, हे ऐंशीनंतरही चालू राहिलं.

पण त्या संध्याकाळी साहेब गेल्यावर मी भाऊंवरच उखडले. "काहून सांगितलं? मी बसले असते घरी. मला काय, घरी खायला नव्हतं?"

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही वर्षभर माह्यासाठी वाचलं, आज माह्यासाठी बोलल्या. तुमच्यासाठी कोन बोलीन?"

मला तिथेच रडू फुटलं.