जावयाची गंजी आणि माझं गिट

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच, आणि ते मी सांगतोही. काकांचं मळणीयंत्र आहे. सोयाबीनच्या दिवसांत ते कनेरगाव नाक्याच्या आतल्या गावांत शेतात रचलेल्या पिकाच्या गंज्या मळत फिरतं आणि कुणाचा नंबर आधी यावरून दरवर्षी भांडणं लागतात. म्हणून मी मोबाइलवर दिसेल अशी नंबरांची यादी लावणारा प्रोग्राम केला.

लिहिणारा मी एकटा, पण नियम काकांचे आणि रोज नवे. सुरुवातीला दर बदलाला फोल्डरची नक्कल काढायचो: फायनल, फायनल दोन, खरं फायनल. अकरा झाल्यावर चालतं कोणतं ते मलाच कळेना. मग गिट नावाचं सॉफ्टवेअर शिकलो. ते प्रत्येक बदल तारखेसकट जपतं, हवं तेव्हा मागं जाता येतं. फक्त काय बदललं ते दरवेळी एका ओळीत लिहायचं. मी जे घडलं ते लिहीत गेलो.

यंदा एका सकाळी आभाळ भरून आलं आणि दहा-बारा शेतकरी काकांच्या ओट्यावर जमले. खाटेवर जावईबापू पोहे खात बसलेले. तांड्यावरचे एक म्हातारे तडकलेच, "काल माझा पहिला नंबर व्हता, आज दुसरा काहून? गंजी भिजली तर तुमी भरून देणार का?"

"मी कुठं काय केलं? ते कंप्युटर करून राहिलं," काका म्हणाले. "पोराचं कायतरी चुकलं."

"एवढं शिकून?" कुणीतरी म्हणालं.

आता गोष्ट पदवीवर आली. मी लॅपटॉप उघडला आणि गिटमधल्या ओळी पहिल्यापासून मोठ्यानं वाचू लागलो.

"ज्याची गंजी आधी, त्याचा नंबर आधी."

"बराबर."

"भिजलेली गंजी सगळ्यांच्या आधी. काकांनी सांगितलं."

"बराबर!"

"काल सायंकाळी. जावयाचं शेत सगळ्यात वर. काका म्हणाले, कुणाला सांगू नको."

वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते.

"जावयाचा मान कपडे-आहेर करून करा ना," म्हातारे म्हणाले, "आमच्या गंजीवर काहून? न्हाईतर वारंगा फाट्याचं मशीन बोलावतो आमी."

जावईबापूंनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. काका जावयाकडं न बघता मला म्हणाले, "कालच्या आधीचं हाय का तुझ्यात?"

"हाय."

"मग तेच आण."

गिटला एक आज्ञा दिली, यादी जागेवर आली. दुपारच्या आत मशीन ट्रॅक्टरला जोडून तांड्याकडं निघू लागलं. काका मला म्हणाले, "ती कालची ओळ तेवढी खोड."

"राहू द्या की, पुन्हा कामी येईल," ट्रॅक्टरवर बसलेले म्हातारे म्हणाले, "दुसरी पोरगी लग्नाची हाय ना तुमची?"