बारा मिनिटं पुढे

अख्खा बाजार त्याला ‘बिनचूक’ म्हणायचा, आणि त्यात कौतुक कमी, वैताग जास्त होता. कुणाच्या घरी सांत्वनाला गेला तरी ह्याची नजर आधी भिंतीवर. घड्याळ चार मिनिटं मागे दिसलं की दोन शब्द बोलायच्या आत हा स्टुलावर चढलेला. जित्याची खोड, म्हणून लोक सोडून द्यायचे.

जिन्याखालच्या त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या एवढ्याशा दुकानातून चुकीची वेळ घेऊन एकच घड्याळ बाहेर पडायचं, ते दाजींचं. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. आपलं स्वस्तातलं, सेलवर चालणारं मनगटी घड्याळ ते कायम बारा मिनिटं पुढे ठेवायचे. सेल बदलायला आले की हा वेळ नीट लावून द्यायचा, आणि दाजी दुकानाच्या पायरीवरच कडेची चावी ओढून ती पुन्हा पुढे करायचे. “स्वतःलाच फसवताय, दाजी,” हा म्हणायचा. दाजी नुसते हसायचे.

दाजींना जाऊन दोन महिने झाले आणि ताई ते घड्याळ घेऊन आली. दारावर आपटून चावी निखळली होती, आणि तिच्या मागची सुईएवढी दांडी मोडून अर्धी आतच राहिली होती. घड्याळ मात्र चालू होतं.

“भोकातून पाणी जाईल म्हणून आणलंय. मीच वापरते ना आता,” ताई म्हणाली. “पण काटे हलवू नकोस हं. ती वेळ त्यांच्या हातची आहे. तेवढंच उरलंय बघ.”

“नाही हलवत. तू औषधं घेऊन ये तोवर.”

दुसरा कुणी असता तर अख्खं मशीनच बदलून मोकळा झाला असता. ह्याने झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, आतला बारीकसा खटका दाबून चिमट्याने मोडका तुकडा ओढून काढला. नवी दांडी लांब येते, ती मापाने कापावी लागते. तिच्यावर चावी फिरवून बसवली, दांडी आत सारली, किती बाहेर राहते ते पाहिलं, किंचित कापली, कानस मारली, पुन्हा सारली. जास्त कापली की गेली वाया. चौथ्या खेपेला चावी कडेला अलगद टेकली. एवढ्या वेळात सेकंदकाटा एकदाही अडखळला नव्हता.

मग त्याने चावी ओढली. दांडी धरते का ते ओढून बघायचं, ओढलीच आहे तर भिंतीवर बघून वेळ लावायची आणि चावी दाबून टाकायची. चाळीस वर्षं हात हेच करत आले होते. टक्‌ आवाज झाला तेव्हा त्याला कळलं. काटे भिंतीवरच्या घड्याळाशी अगदी मिळाले होते.

बारा मिनिटं पुढे करायला कितीसा वेळ लागतो? ताईला या जन्मी कळलं नसतं. त्याने चावी चिमटीत धरलीसुद्धा. पण ताई रोज ते मनगटावर बांधून मायेने बघणार, आणि ती वेळ कुणाच्या हातची हे आपल्या एकट्यालाच ठाऊक असणार, हे त्याला झेपेना.

ताई आली. “ताई, चुकलो गं. लावली मी वेळ.”

तिने घड्याळ हातात घेतलं. डोळे भरून आले होते.

“इतकं चिडवायचास त्यांना,” ती म्हणाली. “कधी विचारलंस, पुढे का ठेवता म्हणून?”

नव्हतं विचारलं. आळशी माणसाची युक्ती, असं त्याने परस्परच ठरवून टाकलं होतं.

“मी कामावरून यायचे ना, तेव्हा आमच्या बसस्टॉपवर चिटपाखरू नसायचं. लग्नाच्या वर्षी एकदा मला घ्यायला यायला ह्यांना उशीर झाला. मी एकटीच रडत उभी. तेव्हापासून घड्याळ पुढे. त्यानंतर सव्वीस वर्षं नोकरी केली मी, एकदासुद्धा थांबावं लागलं नाही रे. बसमधून उतरावं तर हे आपले उभेच.”

त्याला मान वर करवेना. त्या माणसाला आपण वर्षानुवर्षं शहाणपण शिकवत होतो, याची त्याला मनस्वी लाज वाटली.

ताईने घड्याळ त्याच्याकडे सरकवलं. “कर बारा मिनिटं पुढे.”

“तू कर ना. तुझा हात लागू दे.”

“नाही, तूच कर. एकदा तरी ऐक त्यांचं.”

त्याने चावी ओढली आणि काटा पुढे न्यायला लागला, पण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. मिनिटं ताईनेच मोजली.