पाय उचलला नव्हता

ज्योतीराम शेळके यांच्या गॅरेजला पाटी नाही. तळवड्यात आयटी पार्कच्या मागे, पावडर कोटिंगच्या एका शेडला लागून ते आहे. आत एका वेळी एकच गाडी मावते. येणाऱ्या गाड्या वेगवान असतात आणि मालक बहुतेक तिशीतले नोकरदार. कुणाला इंजिनाची ताकद वाढवून हवी असते, कुणाला सायलेन्सरचा आवाज. ज्योतीराम आधी ब्रेक बघतात. ब्रेक सुधारल्याशिवाय बाकीच्या सामानाचे खोके ते उघडतही नाहीत. ‘पळायचं नंतर, आधी थांबायचं बोला,’ हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा ऐकावं लागतं.

ते मूळचे बार्शीकडचे, वय चोपन्न. चाकणच्या एका कंपनीत अकरा वर्षं ब्रेक जोडणीच्या लाइनवर होते. पत्नी वारली, मुलगी लग्न होऊन संगमनेरला गेली. गॅरेजच्या माळ्यावर एक खोली आहे, तिथे ते राहतात.

गॅरेज सुरू केलं तेव्हा ते एकटे नव्हते. चिखलीचा रविराज त्यांचा भागीदार होता, वयानं दहा वर्षांनी लहान. ब्रेकचं काम एकट्याचं नसतंच. ब्रेकच्या तेलाच्या पाइपात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल मऊ लागतं आणि गाडी हवी तिथे थांबत नाही. ती हवा काढायला एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळ झोपून कॅलिपरवरचं, म्हणजे चाकाची डिस्क चिमटीत धरणाऱ्या भागावरचं, छोटं निपल अर्धा आटा सैल करायचं. तेलाबरोबर हवा बाहेर येते. निपल पुन्हा आवळेपर्यंत पेडलवरचा पाय उचलायचा नाही. उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून.

सोळा वर्षं सीटवर रविराज आणि खाली ज्योतीराम होते. ‘दाब.’ ‘धरलं.’ ‘सोड.’ दिवसातलं निम्मं बोलणं या तीन शब्दांत व्हायचं. नवं सामान गोणपाटावर मांडायचं कामही रविराजचं. तो ते सीटवर बसून समोर बघावं तसं मांडायचा, उजव्या चाकाचं उजवीकडे आणि डाव्याचं डावीकडे.

तीन वर्षांपूर्वी एक पांढरी स्पोर्ट्स कार आली. चार पिस्टनचे नवे कॅलिपर बसवायचे होते. त्या दिवशी रविराजला मुलीच्या शाळेत जावं लागलं, यायला उशीर झाला. तोवर ज्योतीरामांनी सामान मांडून कॅलिपर चढवून ठेवले होते. रविराज आला, सीटवर बसला. चार वेळा हवा काढली तरी पेडल मऊच.

“पाय उचलतोयस तू,” ज्योतीराम चाकाखालून म्हणाले.

“न्हाई उचलला.”

“मग हवा काय माझा बाप सोडतोय आत?”

“इकडं येऊन बघ की भाऊ. पाय हाय तिथंच हाय.”

ज्योतीराम उठले नाहीत. गाडीचा मालक शेजारी उभा होता. त्याच्यादेखत ते म्हणाले, “सोळा वर्षं झाली, एक पाय धरता येईना तुला.”

रविराज गाडीतून उतरला. त्यानं नळावर हात धुतले, चपला घातल्या आणि गेला. मालकानं दुसऱ्या दिवशी गाडी टोइंगवर घालून नेली. पुढच्या गॅरेजनं ती दुरुस्त केली असं कानावर आलं. बिघाड काय होता ते ज्योतीरामांनी विचारलं नाही. त्यांच्या लेखी तो माहीतच होता: रविराजचा पाय.

रविराज चाकणला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागला. त्याची बस रोज संध्याकाळी साडेपाचला गॅरेजवरून चिखलीकडे जाते. त्या सुमाराला ज्योतीराम हात धुवायला बाहेर येत. त्यांची अट साधी होती: रविराजनं एकदा येऊन ‘पाय हलला’ म्हणावं, सीट त्याचीच आहे. बस थांबली नाही.

मधल्या काळात त्यांनी एक बांबू मापात कापून घेतला. पेडल दाबायचं, बांबू पेडल आणि सीटच्या मध्ये ठोकायचा, मग खाली जाऊन निपल सोडायचं. एकट्यानं हवा काढायचा पंप बाजारात मिळतो, सामान देणारा दर खेपेला सांगायचा. “बघू,” ज्योतीराम म्हणायचे. पंप घेणं म्हणजे सीटवर कुणी बसणार नाही हे ठरवून टाकणं होतं. निपल आवळून झालं की ते अजूनही सवयीनं “सोड” म्हणायचे आणि स्वतःच उठून बांबू काढायचे.

या फेब्रुवारीत अर्णव नावाचा आयटीतला एक तरुण लाल, दोन दारांची गाडी घेऊन आला. डिस्क, पॅड, पाइप ही कामं ज्योतीरामांच्या हाताखालून रोज जात होती, पण चार पिस्टनच्या कॅलिपरचं पूर्ण किट पांढऱ्या गाडीनंतर हे पहिलंच. ज्योतीरामांनी गाडीसमोर उभं राहून सामान गोणपाटावर मांडलं आणि बसवलं. निपल नेमकं हाताशी आलं. पेडल मऊ राहिलं. त्यांनी बांबू तपासला, नवा कापला. तेलाचे दोन डबे संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्णव गाडी न्यायला आला.

“काका, झाली का?”

“बस सीटवर. मी दाब म्हटलं की दाबायचं, सोड म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही.”

तीन वेळा केलं. तिसऱ्यांदाही बुडबुडा आला नाही आणि पेडलही घट्ट झालं नाही.

“पाय उचलतोयस तू.”

“नाही हो काका, कळ लागली पायाला. येऊन बघा ना.”

ज्योतीराम उठले. दारापाशी वाकून त्यांनी आत पाहिलं. अर्णवचा बूट पेडलवर होता आणि पेडल पार तळाला टेकलेलं. ते बराच वेळ तिथे वाकून राहिले, इतका की अर्णवनं विचारलं, “सोडू का?”

“सोड.”

ते पुन्हा चाकाशी गेले. निपल कॅलिपरच्या खालच्या टोकाला होतं, म्हणूनच तर हाताशी आलं होतं. हवा वर जाते, ती खालून कशी निघणार? उजव्या चाकाचा कॅलिपर डाव्याला आणि डाव्याचा उजव्याला लागला होता. गाडीसमोर उभं राहून मांडलं की आपला उजवा हात गाडीच्या डाव्या चाकाकडे येतो. पांढऱ्या गाडीचं निपलही असंच हाताशी होतं, हे त्यांना आठवलं.

अदलाबदल करायला दोन तास लागले. पेडल दगडासारखं घट्ट झालं. अर्णवला शेजारी बसवून त्यांनी देहूरोडच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर वीस वेळा वेग घेऊन ब्रेक दाबला, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसतात. सायलेन्सर चढवायला चार दिवसांनी यायला सांगून त्यांनी किल्ली दिली. मग जेवणाच्या सुट्टीची वेळ बघून फोन लावला.

“रवी, ज्योतीराम बोलतोय.”

“बोल की.”

“ती पांढरी गाडी. कॅलिपर उलटसुलट चढवले होते मी. तुझा पाय हलला नव्हता.”

पलीकडे कँटीनमधली ताटं वाजत होती.

“आज कळलं व्हय?”

“आज. दुसऱ्या गाडीला तेच केलं.”

“म्हंजे आज बी सामान तूच मांडलं.” रविराज हसला. “माझा पाय कुठं व्हता ते मला ठावं व्हतं भाऊ. तू उठला न्हाईस, एवढंच.”

“येतोस का परत?”

“मागल्या महिन्यात परमनंट झालो. पोरीचं कॉलेज हाय. रागानं न्हाई सांगत, खरंच न्हाई जमायचं.” मग त्यानं विचारलं, “पेडल कोण धरतं?”

“बांबू.”

“पंप घे की राव.”

“बघू.”

“बघू नको, घे. चल, बेल व्हईल आता.”

पंप गुरुवारी आला. बांबू आता शेडबाहेरच्या पत्र्याला टेकू म्हणून लावला आहे. साडेपाचची बस जाते तेव्हा ज्योतीराम बहुधा चाकाशी असतात, पंपाच्या नळीतून येणारं तेल स्वच्छ होईपर्यंत बघत.

कामाची एक गोष्ट मात्र बदलली आहे. नवं किट आलं की ते आधी गाडीत सीटवर जाऊन बसतात आणि दार लावून समोर बघतात. उजवीकडे एकदा मान वळवतात, डावीकडे एकदा. मग उतरून सामान मांडतात.